'दलदल' या शब्दाविषयी

शेमस हीनी यांची 'बॉगलँड' ही कविता वर्गात शिकवताना मी 'बॉग'साठी वर्षानुवर्षे 'दलदल' हा शब्द योजत आलो. मराठीत दलदल म्हणजे फसण्याची जागा. कर्जाची, राजकारणाची, व्यसनाची. तिच्यात कुणी सुखाने राहत असेल, हे मनात कधी आले नव्हते.

दोन वर्षांपूर्वी मुलीकडे इंग्लंडला गेलो असताना डॉन्कास्टरजवळचे थॉर्न मूर्स पाहिले. पाण्याने भिजलेले स्फॅग्नम शेवाळ तेथे पुरते कुजत नाही. थरावर थर साचून त्याचे पीट बनते. वर्षाला सुमारे १ मिलिमीटर. म्हणजे मीटरभर पीट ही हजार वर्षांची पुंजी. या उघड्या, ओलसर पीटवर बेंबिडियन ह्यूमेराले नावाचा, जेमतेम ३ मिलिमीटर लांबीचा भुंगेरा धावतो. ब्रिटनमध्ये तो १९७५ साली येथेच प्रथम आढळला. या आणि शेजारच्या हॅटफील्ड मूर्सखेरीज त्या देशात त्याला दुसरे घर नाही.

पीट मेलेल्यांनाही सांभाळते. पॉल बकलंड यांनी येथील कांस्ययुगीन थरांतले भुंगेऱ्यांचे अवशेष अभ्यासले. त्यांतल्या काही जाती ब्रिटनमधून केव्हाच नाहीशा झाल्या आहेत. हजारो वर्षे जपलेले हे दप्तर माणसाने मात्र चर काढून सुकवले, खणले आणि बागांसाठी पिशव्यांत भरून विकले. १९७२ मध्ये विल्यम बंटिंग आणि त्यांच्या साथीदारांनी ते चर बांध घालून अडवले. खणण्याचे हक्क सरकारने विकत घेतले ते २००२ मध्ये. आता तेथे पाणी पुन्हा साठवले जाते. पण या भुंगेऱ्याला उघडे पीटही हवे. सरसकट पाणी भरून त्याचे भागत नाही. एखाद्याला वाचवायचे तर आधी त्याची राहणी ठाऊक असावी लागते.

मला तो दिसला नाही. संध्याकाळी मुलीच्या अंगणात, कुंड्यांशेजारी, खतमातीची अर्धी रिकामी पिशवी होती. तिच्यावर बारीक टाइपात पीटचा उल्लेख होता. मी तो मोठ्याने वाचून दाखवला. "बाबा, ही तर सगळेच वापरतात," ती म्हणाली. त्याच कुंडीतल्या पुदिन्याचा चहा मी सकाळी मिटक्या मारीत प्यालो होतो. मी गप्प राहिलो.

यंदा फळ्यावर 'बॉग' असेच लिहिले. "म्हणजे दलदलच ना, सर?" एका विद्यार्थिनीने विचारले. मी कविता बाजूला ठेवली आणि तीन मिलिमीटरच्या भुंगेऱ्यापासून सुरुवात केली.