दसऱ्याला आमचा उपास

2024 आणि 2025, दोन्ही वर्षी दसरा आणि ज्यूंचा प्रायश्चित्ताचा उपास, योम किप्पूर, एकाच दिवशी आले. ज्यू पंचांगातल्या तिश्री महिन्याची दहावी तिथी काय आणि आश्विनातली दशमी काय, हिशेब चंद्राचाच. आमच्या मजल्यावर दारोदारी झेंडूची तोरणं लागतात, शेजारच्या वहिनी श्रीखंडाची वाटी घेऊन येतात आणि मी म्हणते, "उद्या, वहिनी, उद्या."

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू, योम किप्पूरला दरफाळणीचा सण म्हणतो. कोकणातले आमचे पूर्वज त्या दिवशी पांढरे कपडे घालून, दारं लावून बसत, त्यावरून हे नाव. आता दिवस जातो तो ठाण्याच्या 1879 सालच्या शार हशामाईम सिनेगॉगमध्ये. आदल्या दिवशी उजेडातच जेवण उरकायचं, मग कोल निद्रेची प्रार्थना. तिथून दुसऱ्या रात्री तारे दिसेपर्यंत, पंचवीसेक तास, पाण्याचा थेंबही नाही. साबुदाण्याची सोय असलेला हा उपास नव्हे! आजाऱ्यानं जिवावर बेतेल असा उपास करू नये, हे धर्मच सांगतो. आमच्या मधुमेही मावशीला ते दरवर्षी ऐकवावं लागतं. ती ऐकत नाही हा भाग वेगळा.

दुपारनंतर भूक मरते. पापांची कबुलीही जड जात नाही, कारण ती सगळ्यांनी मिळून, छातीवर मूठ आपटत, 'आम्ही' म्हणून द्यायची असते. अवघड ते आधीचं. देवाचा अपराध देवाकडे माफ होतो; माणसाला दुखावलं असेल तर आधी त्याचीच समजूत काढायची, असं मिश्ना हा आमचा जुना धर्मग्रंथ सांगतो. हल्ली यावर व्हॉट्सअ‍ॅपचा उतारा निघालाय: 'चुकलंमाकलं माफ करा', एका फटक्यात सगळ्या गोतावळ्याला. ती माफी मी धरत नाही.

यंदा मात्र जागेच्या भांडणापासून बोलणं टाकलेला माझा चुलतभाऊ जिने चढून आला. "ताई, मी नको ते बोललो," एवढंच म्हणाला. मी चहा टाकला. चहा उकळला, गाळला, तरी माझ्या तोंडून शब्द फुटेना. माफी मागण्यापेक्षा देणं कठीण, असं माझं मत झालं ते तेव्हा. शेवटी म्हटलं, "बरं, झालं गेलं."

सिनेगॉगमध्ये उपास संपल्याचा शोफार, म्हणजे शिंग, फुंकला गेला तेव्हा बाहेर टेंभी नाक्यावर देवीचे ढोल वाजत होते. सरबत घेऊन उपास सोडला. दुसऱ्या दिवशी शिळा सण, दानधर्माचा आणि भेटीगाठींचा. भाऊ बायकामुलांना घेऊन आला, जेवून गेला. जागेचा दावा अजून कोर्टात आहे, पुढची तारीख दिवाळीनंतरची.