किटली टोकोनामेची, पाणी दोंडाईचाचं

ऑफिसच्या पँट्रीतला ग्रीन टी म्हणजे शिक्षा, असं तुमचंही मत असेल. उकळतं पाणी, कागदी कप, दोरीवाली बॅग आणि तोंडात कात विरघळल्यासारखी चव. डाएट चालू आहे म्हणून प्यायचा, बस्स. मग टीममधला एक दोस्त नागोयाच्या प्रोजेक्टवरून परत आला आणि त्याने माझ्या टेबलावर लाल मातीची, मुठीएवढी किटली ठेवली. क्यूसू. सोबत सेंचाचं पाकीट. किटलीचा दांडा मागे नाही, चक्क बाजूला!

नागोयाजवळचं टोकोनामे हे जपानच्या सहा प्राचीन कुंभारगावांपैकी एक. तिथल्या मातीत लोहाचा अंश भरपूर, म्हणून ती अशी लाल भाजते. किटलीला आतून ग्लेझ नाही. चहाबाजांचा दावा असा, की ही उघडी माती चहातला तुरटपणा ओढून घेते. मला हा मार्केटिंगचा फंडा वाटला. म्हटलं, याचा निकाल आजीकडूनच लावून घेऊ. आखाजीला दोंडाईचाला जायचंच होतं.

धुळ्याहून तासा-दीड तासाचा रस्ता, नाहीतर सुरत-भुसावळ लायनीवरचं स्टेशन. हिवाळ्यात आलात तर गावाबाहेर वाळत घातलेल्या मिरच्यांचे लाल गालिचे दिसतील, आणि शिंकांची तयारी ठेवा. आखाजीला मात्र नुसतं ऊन. अक्षय्य तृतीयेला आम्ही खान्देशी लोक आखाजी म्हणतो. त्या दिवशी पितरांसाठी नवी घागर भरायची, वर आंबा, खरबूज, सांजोरी ठेवायची. म्हणजे वर्षातून एकदा घरात कोरी माती येतेच.

आजीने किटली हातात घेऊन उलटीपालटी केली. "हाई काय शे? दांडा आडवा का बरं लायेल शे?" अंगठा झाकणावर ठेवून मनगट वळवलं की चहा पडतो, हे दाखवल्यावर तिला ते पटलं. चहा पटला नाही. मी घाईत बोअरचं पाणी उकळलं होतं. जड पाण्यात सेंचाचा हिरवा रंग गढूळ आणि चव मेलेली. एक घोट घेऊन आजी म्हणाली, "पानी बदल."

मग जुन्या माठातलं प्यायचं पाणी घेतलं. उकळी आल्यावर ते आधी कपांत ओतून निवू दिलं. सेंचाला सत्तर-ऐंशी अंश पुरतात. त्याहून गरम पाण्यात कडवटपणाच जास्त उतरतो. (पँट्रीतल्या शिक्षेचं मूळ हेच.) एकच पाणी, सारखीच पत्ती, एकच मिनिट, भांडी तीन. स्टीलचा तांब्या, काचेचा ग्लास, क्यूसू. मामा मोबाइलवर वेळ लावून बसले. मिनिट होताच तिन्हींमधला चहा शेवटच्या थेंबापर्यंत कपांत गाळला. शेवटचा थेंब काढायचाच, नाहीतर भांड्यात उरलेलं पाणी पत्तीला पिळत बसतं आणि दुसरा चहा कडू होतो. आजी आणि मी डोळे मिटून बसलो.

मी काच आणि क्यूसू यांत फसलो. आजीने पहिल्याच घोटात बोट दाखवलं. क्यूसूचा चहा तिला गोड नाही, 'गोल' लागला. जिभेला टोचत नाही, म्हणाली. एका दुपारच्या चाचणीवरून विज्ञान सिद्ध होत नाही, हे मलाही कळतं. निम्मी जादू तर पाणी निववण्याचीच असणार. पण पासष्ट वर्षं माठाचं पाणी प्यायलेल्या जिभेला मी खोटं ठरवणार नाही.

खरी मजा दुसऱ्या दिवशी. उत्साहात मी नव्या घागरीतलं पाणी वापरलं आणि सेंचा गायब! फक्त पहिल्या पावसाचा वास. मातीतही फरक असतो, राव. आपला कुंभार मातीत राख, लीद मिसळतो. भट्टीत ती जळते, बारीक छिद्रं राहतात, म्हणून घागर पाझरते आणि पाणी गार होतं. टोकोनामेची बारीक माती हजार अंशांच्या वर भाजलेली असते. ती पाझरत नाही. घागर चव देते, क्यूसू फार तर थोडी घेते. २००४ मध्ये रेल्वेने कुल्हड आणले, त्यातला चहाही असाच मातीचा लागायचा. आजी म्हणाली, घागर दोन-चार वेळा भरून रिकामी कर, मग बोल. आणि क्षार बसून छिद्रं बुजली की तोच माठ पाणी गार करत नाही, तेव्हा तो बदलायचा.

चुलीवर तिचं खापर पालथं होतं. त्यावर हातभर मोठी पुरणपोळी पडली, आमरस आला आणि ग्रीन टी सगळे विसरले. मामी एरवी गॅसवर, लोखंडी तव्यावर पोळ्या करते. त्या छान होतात, पण खापराच्या नाही होत. "तुले पाहिजे?" आजीने खापराकडे बोट करून विचारलं. तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये चूल कुठे पेटवणार? मी आमरसात तोंड घातलं. तिने पुन्हा विचारलं नाही.

निघायच्या सकाळी मी उशिरा उठलो. आजीने माझ्यासाठी चहा ठेवला होता. दूध, साखर, ठेचलेलं आलं, सगळं कडक उकळलेलं, आणि पाहुण्याचा मान म्हणून माझ्या क्यूसूत ओतलेलं. ज्या किटलीला साबणसुद्धा लावायचा नसतो, ती!

दोन कप प्यायलो. आता पुण्यात सेंचा केला की त्याला आल्याचा वास येतो. दोस्त म्हणतो, किटली वाया गेली. त्याला अजून त्यातला चहा दिलेला नाही.