खर्जाची जागा

घरांत एखादी नवी वस्तु आली म्हणजे तिला जागा कोठें द्यावयाची, हा प्रश्न बहुधा डोळे सोडवितात. जेथें शोभेल तेथें ती बसते. परंतु सबवूफर, म्हणजे चित्रपटांतील गडगडाट आणि गाण्यांतील खर्ज ऐकविणारी ती जाडजूड पेटी, डोळ्यांचा निवाडा मानीत नाहीं.

आमचा दिवाणखाना पांच मीटर लांबीचा. ध्वनि एका सेकंदांत सुमारें ३४४ मीटर जातो. तेव्हां सेकंदाला सुमारें ३४ कंपनें असलेल्या नादाची लहर दहा मीटर, म्हणजे खोलीच्या बरोबर दुप्पट होते. असा नाद समोरासमोरच्या भिंतींमध्यें जणूं कोंडला जातो. भिंतीलगत तो बळावतो आणि खोलीच्या मध्यावर जवळजवळ नाहींसा होतो. त्याच्या दुप्पट कंपनांचा नाद मात्र मध्यावरही जोर करतो. रुंदी व उंची यांचेही असेच आपापले नाद असतात. पेटी कोपऱ्यांत ठेविली कीं हे सारे एकदम जागे होतात; आवाज वाढतो खरा, पण कांहीं स्वर गरजतात आणि कांहीं बुडतात.

आमची पेटी कोपऱ्यांतच होती, आणि याचा भार पडला आईवर. तिची आरामखुर्ची मागच्या भिंतीशीं. डग्ग्यावर मनगट सरकवून काढलेली मींड आम्हांस मधल्या कोचावर तुटक भासे, तर तिच्या कानांत नुसता घुमारा राही. “मी आपली आंत बसतें, तुमचें चालूं द्या,” असें म्हणून ती मध्येंच उठूं लागली. घरच्या मैफलींतून घरचेंच माणूस उठावें, याहून त्या यंत्राचा मोठा पराभव कोणता?

यावर जाणते एक गमतीचा उपाय सांगतात. लॉर्ड रॅले यांच्या १८७७–७८ सालच्या ‘थिअरी ऑफ साउंड’ या ग्रंथांत ध्वनीच्या परस्परतेचा नियम आहे. नादाचें उगमस्थान आणि श्रोत्याचें स्थान यांची अदलाबदल केली, तरी ऐकूं येणारें तेंच राहतें. म्हणून पेटीच श्रोत्याच्या आसनावर ठेवावी, आणि आपण भिंतींच्या कडेनें, कान जमिनीजवळ नेऊन, रांगत फिरावें. जेथें खर्जाचे सारे स्वर सारखे लागतील, तेथें पेटी न्यावी.

त्याप्रमाणें पेटी आईच्या खुर्चींत विराजमान झाली आणि आम्ही पन्नाशीचे गृहस्थ रांगूं लागलों. आई दारांत उभी राहून हंसत होती. लांबीच्या भिंतीच्या मध्याजवळ, पुस्तकांच्या कपाटाशेजारीं, घुमारा निवळला. ३४ कंपनांचा नाद जेथें ऐकूं येत नाहीं, तेथून तो उठतही नाहीं. शिवाय तिची खुर्ची भिंतीपासून अडीच हात पुढें ओढली, तेव्हां उरलासुरला जडपणाही ओसरला.

एका पेटीनें सर्व आसनांचें समाधान होत नाहीं. समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यांवर दोन पेट्या ठेविल्या तर मेळ पुष्कळ बरा बसतो. परंतु आम्हीं एकीवरच भागविलें आहे. कोचावर एखादा स्वर अजून किंचित् जड लागतो. आई मात्र आतां भैरवीपर्यंत बसते.