उमेद आणि उमेदवार

नोकरी शोधणाऱ्याला मराठीत आपण ‘उमेदवार’ म्हणतो. उमेद बाळगणारा तो उमेदवार, असा फार्सीतून आलेल्या या शब्दाचा सरळ अर्थ. ज्याला नोकरी नाही तो मात्र ‘बेकार’. आणि याच शब्दाने आपण बंद पडलेल्या पंख्याचे किंवा पडलेल्या नाटकाचेही वर्णन करतो. या दोन शब्दांमधले अंतर आम्ही वर्गात अनेकदा फळ्यावर मांडले होते. ते अनुभवाला आले वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, जोहान्सबर्गमध्ये.

२०२२ साली पत्नीची तेथे बदली झाली आणि तासिका तत्त्वावरचे अध्यापन सोडून आम्ही तिच्यासोबत गेलो. ‘सोडून’ म्हणताना थोडे हसू येते. दर जूनमध्ये नव्याने मुलाखत देणाऱ्याच्या हातात सोडण्यासारखे असते तरी काय? मराठीची एम.ए. पदवी, सेट परीक्षेचे प्रमाणपत्र आणि अनुभवाचे दाखले एवढे भांडवल बरोबर होते.

ज्या देशात आम्ही काम शोधू लागलो तेथील बेकारीचा दर जगातील सर्वाधिक दरांपैकी एक होता. २०२१च्या अखेरच्या तिमाहीत तेथील सांख्यिकी विभागाने ३५.३ टक्के हा आकडा जाहीर केला होता. पंधरा ते चोवीस वयोगटात तो साठीच्याही पलीकडे होता. पण आम्हांला अधिक अस्वस्थ केले ते आकडेवारीतील एका वेगळ्या रकान्याने. काम हवे आहे, परंतु ते मिळेल ही आशा उरली नसल्याने ज्यांनी शोधणेच थांबवले, अशांची तेथे स्वतंत्र नोंद होते. त्यांचा अधिकृत दरात समावेश नसतो. बेकारीची विस्तारित व्याख्या त्यांना सामावून घेते आणि मग तोच आकडा ४५ टक्क्यांपलीकडे जातो. आपल्या भाषेत सांगायचे तर हे उमेदवारीतून बाहेर पडलेले लोक. उमेद संपली की माणूस मोजणीतूनही कसा गळतो, हे त्या तक्त्यात दिसत होते.

कायद्याची बाजू स्पष्ट होती. नोकरदाराच्या सोबत आलेल्या जोडीदाराच्या व्हिसावर काम करता येत नाही. स्वतंत्र परवाना हवा तर आधी नोकरी देणारा हवा. आणि या कामासाठी देशात योग्य माणूस शोधला पण मिळाला नाही, हे त्याने त्या वेळी श्रम खात्याला पटवून द्यावे लागे. पदवीची समकक्षता तपासून घ्यावी लागते, ती वेगळीच. यात अन्याय आहे असे आम्हांला कधी वाटले नाही. चौकाचौकांत पुठ्ठ्यावर आपली कामे लिहून उभे असलेले तरुण आणि हार्डवेअरच्या दुकानांबाहेर सकाळपासून ताटकळणारे रंगारी व गवंडी पाहिल्यावर तसे वाटणे शक्यही नव्हते.

तरीही आम्ही अर्ज करत राहिलो. एका खासगी शिकवणी वर्गाने भेटीला बोलावले. काम होते वह्या तपासण्याचे आणि फायली लावण्याचे. बाहेरच्या बाकावर शेजारी सोवेटोहून आलेली एक पदवीधर मुलगी बसली होती. मिनीबस टॅक्सीचे भाडे तिने आजीच्या वृद्धापकाळ अनुदानातून आणले होते. आम्ही कोठून आलो हे कळल्यावर तिने अगदी शांतपणे विचारले, की तुमच्या देशात या कामाला माणसे मिळत नाहीत का? प्रश्नात राग नव्हता. उत्तर आमच्याजवळ नव्हते.

आत संचालकांनी आम्हांला ताशी १५ रँड देऊ केले. रोख, आणि कोठेही सही न करता. त्या वेळचे किमान वेतन होते ताशी २३.१९ रँड. परवान्याविना काम करणारा परदेशी माणूस तक्रार घेऊन कोणाकडे जाणार नाही, हे त्यांना पक्के ठाऊक होते. त्या मुलीला मात्र कायदा होता, म्हणून ती महाग होती. आम्ही नकार दिला. त्यात काही मोठेपणा होता असे नाही. घरी पत्नीचा पगार येत होता. वाहनतळावर मोटारींची राखण करणारा एक काँगोचा गृहस्थ आमच्या ओळखीचा झाला होता. पूर्वी तो शाळेत फ्रेंच शिकवीत असे. त्याला असा नकार परवडला नसता. परके लोक आमच्या नोकऱ्या पळवतात, असे तेथे सर्रास ऐकू येई. पळवण्याची ही क्रिया नेमकी कोठे घडते, ते आम्ही त्या टेबलापाशी पाहिले.

आफ्रिकेतील इतर देशांतून आलेल्यांना तेथे हिणवून ‘क्वेरेक्वेरे’ म्हणतात. ज्यांचे बोलणे कळत नाही त्यांच्या उच्चारांची ही नक्कल. आपला ‘म्लेच्छ’ हा शब्दही अस्पष्ट बोलण्यावरूनच आलेला. परक्याची भाषा कळत नाही एवढ्यावरून त्याला कमी लेखणारे शब्द जगभर घडले आहेत, आणि भाषेच्या शिक्षकाने त्याची लाज बाळगायला हवी.

मे २००८मध्ये जोहान्सबर्गच्या अलेक्झांड्रा वस्तीतून परकीयांविरुद्धचा हिंसाचार सुरू झाला. देशभरात साठांहून अधिक माणसे मारली गेली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मुंबईत रेल्वे भरतीच्या परीक्षेला आलेल्या उत्तर भारतीय उमेदवारांना मारहाण झाली. दोन्हींचे प्रमाण वेगळे, इतिहासही वेगळा. दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदी राजवटीने कृष्णवर्णीयांना दशकानुदशके शिक्षणापासून आणि कुशल कामापासून दूर ठेवले होते. त्या जखमेची बरोबरी अन्य कशाशी करू नये. पण २००८ साली आम्ही मुंबईतील घटना भूमिपुत्राच्या बाकावरून वाचली होती. आता बाक बदलला होता. ‘आमच्या हक्काचे काम’ या शब्दांतील वेदना खरी आहे, हे आम्हांला पूर्वीही कळत होते. ती वेदना चुकीच्या माणसाच्या अंगावर कशी धाडली जाते, हे परका झाल्यावर कळले.

२०२४ साली आम्ही परतलो आणि पुन्हा तासिका तत्त्वावर शिकवू लागलो. निबंधाच्या तासाला एखादा विद्यार्थी बाहेरच्यांनी नोकऱ्या बळकावल्याचे लिहितो. त्याच्या घरात दोन वर्षे भरतीची वाट पाहणारा भाऊ असतो. त्याचे वाक्य आम्ही खोडत नाही. समासात एवढेच लिहितो : त्या माणसाला पगार किती मिळतो, आणि तो कोण ठरवतो, याची चौकशी करून पुढचा परिच्छेद लिही. काही जण खरोखरच चौकशी करून येतात. त्यांचे निबंध पहिल्यापेक्षा लांब असतात, आणि त्यांतली उद्गारचिन्हे कमी झालेली असतात.