अजिंठा: भिंतींवर जपलेल्या भावना

छत्रपती संभाजीनगरहून साधारण १०० किलोमीटरवर वाघूर नदी घोड्याच्या नालेसारखं वळण घेते. तिथल्या कड्यात अजिंठ्याची ३० लेणी कोरलेली आहेत. आत शिरताच आधी फक्त अंधार दिसतो. डोळे सरावले, की राजवाडे, हत्ती, जहाजं, दागिने ल्यालेल्या स्त्रिया दिसू लागतात. सुमारे १५०० वर्षांपूर्वीचं अख्खं जग!

पण खरी जादू चेहऱ्यांत आहे. १ नंबरच्या लेण्यात कमळ धरलेल्या पद्मपाणीच्या झुकलेल्या नजरेत करुणा आहे. १६ नंबरच्या लेण्यात पती नंद भिक्षू झाल्याचं कळून खचलेली सुंदरी आहे. तिची मान कललीय, डोळे मिटू लागलेत. १७ नंबरच्या लेण्यात बुद्ध भिक्षापात्र घेऊन स्वतःच्याच घरी आलेत. यशोधरा छोट्या राहुलला पुढे करतेय. चित्रकाराने बुद्धांना भव्य आणि मायलेकांना इवलंसं दाखवलंय. त्यांच्यातलं अंतर न सांगताच कळतं.

मातीच्या गिलाव्यावरचे हे रंग आता फार नाजूक झालेत. १९व्या शतकात रॉबर्ट गिल यांनी वर्षानुवर्षं खपून चित्रांच्या प्रतिकृती केल्या. त्यातल्या बहुतेक १८६६मध्ये लंडनच्या आगीत जळाल्या. म्हणूनच मूळ चित्रं जपायला हवीत. फ्लॅश वापरू नका, भिंतीला हात लावू नका.

लेणी सोमवारी बंद असतात. जाल तेव्हा सगळं घाईने पाहण्यापेक्षा एका चेहऱ्यासमोर पाच मिनिटं शांत उभे राहा. मुलांनाही विचारा, याला काय वाटत असेल?