भूमिपुत्राची बहीण

२४ जून २०२१. लोकनेते दि. बा. पाटलांचा आठवा स्मृतिदिन. नवी मुंबईच्या विमानतळाला दिबांचंच नाव मिळावं म्हणून बेलापूरला सिडको भवनावर मोर्चा होता. करावे गावातून आम्ही सकाळीच निघालो. मी कायद्याच्या पहिल्या वर्षाला होते. कोरोनामुळे कॉलेज मोबाइलवरच चालू होतं. माझ्या एका बाजूला आजी, दुसऱ्या बाजूला सारसोळ्याला दिलेली आत्या. मास्क हनुवटीवर ओढून आत्या घोषणा द्यायची तेव्हा तिच्या गळ्याच्या शिरा ताठ व्हायच्या. भूमिपुत्रांचा विजय असो! हजारो माणसं तेच ओरडत होती. मीही ओरडले. आपण कोण आहोत हे त्या दिवशी मला पहिल्यांदा अंगभर जाणवलं.

त्याआधी ते मी झाकूनच ठेवलं होतं. अकरावीला वर्गात ‘पानी’ म्हटलं म्हणून पोरं हसली, तेव्हापासून आगरी बोली मी गावातच ठेवून जायचे. कुठे राहतेस विचारलं की ‘सीवूड्स’ सांगायचे. स्टेशनच्या पाटीवर तरी कुठे करावे होतं? तिथे ‘सीवूड्स-दारावे’ लिहिलेलं.

मोर्चानंतर मी आजीला खोदून खोदून विचारायला लागले. १९७०मध्ये सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतली ९५ गावं नव्या शहरात आली. भातशेती गेली, मिठागरं गेली. आगरातला तो आगरी. पण आगरच नाही, तर आगरी कशाचा? आजी जुन्या खाडीचं बोलायला लागली की थांबायची नाही. निवट्या कुठे सापडायच्या, चिंबोरीच्या बिळात हात कसा घालायचा, उधाणाला बांध फुटला की अख्खा गाव चिखल घेऊन कसा धावायचा. जानेवारी १९८४मध्ये उरणच्या आंदोलनात गोळीबार झाला आणि पाच शेतकरी हुतात्मा झाले, हे सांगताना तिचा आवाज खाली यायचा. त्या लढ्यातूनच पुढे साडेबारा टक्क्यांची योजना आली: घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड शेतकऱ्याला परत. आमच्या घरालाही तसा भूखंड मिळाला.

तिसऱ्या वर्षाला कौटुंबिक कायदा शिकायला आला आणि अभिमानाच्या त्या गोष्टीत मला एक भोक दिसलं.

वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क. महाराष्ट्राने तो १९९४मध्येच दिला, पण तोवर लग्न झालेल्या मुलींना वगळून. आत्याचं लग्न १९९१चं, म्हणजे ती बाहेर. २००५मध्ये केंद्राने कायदा बदलला आणि लग्न झालेल्या मुलीही आत आल्या. ऑगस्ट २०२०मध्ये विनिता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आणखी स्पष्ट केलं की हा हक्क जन्मानेच मिळतो. कायदा बदलला त्या दिवशी वडील हयात असण्याची अट नाही.

घरी येऊन मी बाबांकडे भूखंडाची फाइल मागितली. वारसांच्या यादीत आजी, बाबा, काका आणि आत्या, चौघांची नावं होती. त्यामागेच २००९चं नोंदणीकृत हक्कसोडपत्र. दोनशे रुपयांचं मुद्रांक शुल्क, खाली आत्याचा फोटो, डाव्या अंगठ्याचा ठसा आणि शाळकरी वळणाची सही. आडनावातल्या ‘टी’ची वेलांटी आधी विसरली होती, मग वरून जोडलेली. भूखंडाच्या मोबदल्यापोटी तिला काय दिलं, त्या रकान्यात लिहिलं होतं: काही नाही.

बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “सगळ्यांच्याच घरी असं झालं.” ते खरं होतं, आणि तेच मला जास्त लागलं. माझे बाबा वाईट माणूस नाहीत. मोर्च्यात तेही होते.

मी आत्याकडे गेले. ती कोलंबी सोलत होती. हात न थांबवता म्हणाली, “सही कर म्हनले, केली. भावाशी वाकरं कोन घेईल, बाय? म्हायेरचा दरवाजा उघरा ऱ्हावा, बस.”

त्या दिवशी मला उमगलं की ‘भूमिपुत्र’ हा शब्द आपण अर्धाच उच्चारत आलो. बांधावर चिखल टाकायला बाया होत्या, मोर्च्यात पुढे बाया होत्या. वाटणीच्या कागदावर मात्र त्या फक्त सोडून देण्यापुरत्या आल्या. आम्हाला न विचारता आमचं ठरवलं, हे आपलं शासनाला सांगणं रास्तच आहे. तेच बहीण भावाला सांगू लागली तर ते घर फोडणं कसं?

गेल्या वर्षभर मी आणि गावातल्या दोन मैत्रिणी शनिवारी संध्याकाळी देवळाच्या ओट्यावर बसतो. कधी चार बाया येतात, कधी पंधरा. आम्ही कायदा वाचतो आणि आगरीत सांगतो. ‘सहदायाद’ शब्दावर पहिल्याच दिवशी अडलो. आजीने विचारलं, “म्हंजे कं?” मी म्हटलं, “जल्मापासूनची वाटेकरीन.” सगळ्याजणी एकदम गप्प झाल्या. ज्या बोलीची मला लाज वाटायची, तिच्यातच तो कायदा त्यांना कळला. नोंदणी झालेलं हक्कसोडपत्र सहजी रद्द होत नाही, हेही आम्ही लपवत नाही. पण पुढची सही करण्याआधी कागद वाचून घ्या, मुदत मागा, मोबदला लिहून घ्या, एवढं तरी प्रत्येकीच्या हातात आहे. काही घरांतून आम्हाला बोलणी बसली. माझ्या काकांनी दोन महिने अबोला धरला.

२०२२मध्ये विधिमंडळाने विमानतळाला दिबांचं नाव देण्याचा ठराव केला तेव्हा गावात पेढे वाटले गेले. नावासाठी इतकं लढणारा हा माझा समाज आहे. घरातल्या बाईचं नाव कागदावर राहावं म्हणूनही तो लढेल, असा माझा विश्वास आहे. नाहीतर मी ओट्यावर बसलेच नसते.

गेल्या महिन्यात आत्या पहिल्यांदा ओट्यावर आली. मागेच बसली, काही बोलली नाही. सगळ्या उठून गेल्यावर तिने पदराआडून प्लॅस्टिकची पिशवी काढली. त्यात त्या हक्कसोडपत्राची झेरॉक्स होती, बाबांकडून स्वतः मागून आणलेली.

“यातला एक अक्षर मी वाचला नव्हता,” ती म्हणाली. “मना आता पयल्यापासून वाचून दाखव.”

मी मोबाइलचा उजेड धरला आणि पहिल्या ओळीपासून सुरुवात केली.