खुडूक नव्हे, म्हातारी



मागच्या आठवड्यात स्वाध्याय आटोपल्यावर एकीने मला सरळच विचारलं, "तू म्हणे कोंबड्यांना दाणे पुरवतेस? आपण अंड्याला हात लावत नाही, मग कोंबडीशी आपला काय संबंध?" तिथे घाईत उत्तर देता आलं नाही. म्हणून आज सविस्तर लिहिते.

आमच्याकडे धुणं-भांडी करणाऱ्या ताईच्या सासूबाईंकडे चार गावरान कोंबड्या होत्या. अंडी द्यायच्या बंद झाल्या. कोंबडी उबवायला बसली की काही दिवस अंडी थांबतात, तिला खुडूक म्हणतात. ती पुन्हा सुरू होते. या खुडूक नव्हत्या, म्हाताऱ्याच झाल्या होत्या. ताई म्हणाली, "काकू, नुसतं खायला कोण घालणार? रविवारी एकेक कापून टाकू."

मी बी.कॉम. झालेली. घसारा, भंगार किंमत हे शब्द माझ्या चांगल्या ओळखीचे आहेत. पोल्ट्रीवाल्यांचा हिशेब तसाच चालतो. पिल्लू साधारण पाच महिन्यांचं झालं की अंडी सुरू होतात, वर्षाला तीनशेच्या आसपास. दीड वर्षाची झाली की उत्पादन घटतं, आणि रोजचा शंभर-सव्वाशे ग्रॅम दाणा परवडेनासा होतो. मग ती मांसासाठी विकली जाते. खरं तर कोंबडी सहा-आठ वर्षं सहज जगते. आणखी एक गोष्ट ऐकून मला फार वाईट वाटलं. जास्त अंडी मिळावीत म्हणून तिथे दिवे लावून सोळा तासांचा दिवस करतात. एरवी कोंबडी अंधारात खात नाही, दिवस मावळला की खुराड्यात जाऊन बसते. तिला चौविहार कोणी शिकवावा लागत नाही, आणि आपण माणसं तो तिच्याकडून मोडून घेतो!

आता आपला संबंध. श्रावकाला वर्ज्य अशा पंधरा कर्मादानांमध्ये असतीपोष आहे. बाराव्या शतकातल्या हेमचंद्राचार्यांच्या योगशास्त्रात त्याचा अर्थ दिला आहे आणि त्यात मैना, पोपट, मांजर, कुत्रा, मोर यांच्यासोबत कोंबडाही येतो. पण पाळणं निषिद्ध कशासाठी? धनासाठी. मला वाटतं, गोम त्या एका शब्दात आहे. जिच्याकडून काहीच मिळणार नाही अशा जिवाला दाणा घातला तर तो धंदा उरत नाही. आणि यशोधरचरित्र आपण सगळ्यांनीच ऐकलं आहे. तिथे कोंबडा पिठाचा होता, तरी त्याचा बळी देणाऱ्या राजाला आणि त्याच्या आईला किती तिर्यंच योनी फिराव्या लागल्या!

कोंबड्या विकत घेऊन आणाव्यात या मताची मी नाही. आज चार घेतल्या की विकणारा उद्या आठ आणेल. म्हणून सासूबाईंशी बोलले, दाणा माझा, कोंबड्या तुमच्या. त्या म्हणाल्या, "राहू द्या मग. पण पाहुणे आले तर सांगता येत नाही."

झालंही तसंच. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, जावई आले आणि एक गेली. ताई दोन दिवस माझ्याकडे बघेना. मला रडू आलं, पण तिला बोलले नाही. ज्या घरात लेकरांच्या ताटातलं अंडंच बंद झालं, त्या घराला मी कोणत्या तोंडाने उपदेश करू? माझी अहिंसा त्यांच्या खर्चाने का व्हावी? तेव्हापासून दाण्यासोबत त्यांच्या मुलांसाठी शेंगदाणे, गूळ आणि डाळही जाते. ही कोंबडीची किंमत झाली का, असं यजमान विचारतात. मी घरखर्चाच्या वहीत ते निरनिराळं लिहिते, एवढंच.

ज्यांना असं काही करायचं असेल त्यांनी तयार खाद्य आणताना दुकानदाराला नीट विचारावं, कारण त्यात बरेचदा मासळीची भुकटी असते. शिवाय अंडी देणाऱ्या कोंबडीच्या खाद्यात कवचासाठी भरपूर चुना घातलेला असतो. अंडी बंद झालेल्या कोंबडीला तो नको, मूत्रपिंडाला त्रास होतो. मी इतवारीतून ज्वारी आणि तांदळाची कणी आणते. त्यात थोडी सोयाबीनची पेंड घालते. कच्चं सोयाबीन मात्र अजिबात नाही. पिसं झडून नवी येतात तेव्हा पेंड जरा वाढवायची. पालक, कोथिंबिरीचे देठ निवडून, पाहून द्यायचे. कांदा आणि कच्चा हिरवा बटाटा त्यांना बाधतो, पण तो प्रश्न आपल्या स्वयंपाकघरात येतच नाही. तिघींना महिन्याला नऊ-दहा किलो पुरतं.

एकीचा आक्षेप होता की कोंबडी उकिरडा उकरून किडे खाते, म्हणजे आपण हिंसेलाच पोसतो. खाते, खरं आहे. तो तिचा स्वभाव आणि तिचं कर्म. पण मग आपलंही जरा पाहू. सकाळच्या चहातलं दूध जिचं, ती गाय भाकड झाल्यावर कुठे जाते, हे आपल्यापैकी किती जणींनी गवळ्याला विचारलं आहे? मी विचारलं होतं. त्याने विषय बदलला. मुंबईचं पांजरापोळ १८३४ साली निघालं. त्याच्या दोन वर्षं आधी इंग्रज सरकारने मोकाट कुत्री मारायला घेतली म्हणून मुंबईत दंगल झाली होती. पांजरापोळ उभं करण्यात जमशेटजी जीजीभॉयही होते, म्हणजे एक पारशी गृहस्थ. आपण वर्षाकाठी पावती फाडतो आणि मोकळ्या होतो.

आता फाल्गुन सरत आला. आपल्या नागपूरचं ऊन तुम्हाला ठाऊकच आहे. कोंबडीला घाम येत नाही, ती चोच उघडून धापा टाकते. म्हणून दाणा भल्या सकाळी आणि ऊन उतरल्यावर, दुपारी नाही. पाणी मातीच्या पसरट भांड्यात, गाळून, सावलीत ठेवायचं. त्यांचं खुराडं पत्र्याचं आहे. वर टाकायला दोन गोणपाटं काढून ठेवली आहेत, ताई उद्या घेऊन जाईल.